पितृपक्षात रडलेली गाडी

महाडच्या अलीकडे, हायवेला लागून, गाड्यांची एक एजन्सी आहे. पितृपक्षात तिथे एरवी काळं कुत्रं फिरकत नसे. यंदा मात्र फाटकाबाहेर भेळवाला येऊन उभा राहिला होता, चपला काढायला जागा उरली नव्हती, आणि आत फरशीवर लाल सॅटिनचं कापड पांघरलेली एक नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. कापड सगळ्या काचांवरून खाली सोडलेलं, बॉनेट तेवढं उघडं. बॉनेटवर झेंडूची दोन फुलं चिकटवलेली, एक उजवीकडे, एक डावीकडे. समोर पाटावर विद्युतनाथ महाराज बसलेले.

हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. विजेच्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि पाठोपाठ महाराजही आले. त्याआधी ते कशाचे नाथ होते, हे कोणी विचारलं नाही.

"पेट्रोलच्या गाडीच्या पोटात आग असते, बाळांनो!" महाराज सांगत होते. "आगीपाशी पितर येत नाहीत. पण ही? हिच्या पोटात आग नाही, नाकात धूर नाही, गळ्यात आवाज नाही. पितर या दिवसांत पायी चालून दमलेले असतात. अशी शांत जागा दिसली की बसले आत! मग गाडी कोणाची? तुमची की त्यांची? मला विचारू नका. गाडीलाच विचारा!"

ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. दर्शनाच्याही आला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

दर्शना उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरची. बी.कॉम. झालेली, पोलादपूरला हायवेवरच्या हॉटेलात गल्ल्यावर बसणारी. लाल कापडाखालची गाडी तिच्या नावावरची होती. तिच्या आईची, रंगूबाईची, मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि आठवड्यातून दोनदा तिला महाडला डायलिसिसला न्यावं लागे. ज्या जीपनं ती जाई, तिचा चालक जीप विकून मुंबईला निघून गेला. जाताना एसटी चालायची, पण येताना अंगातलं बळ सगळं गेलेलं असायचं. एका खेपेला रंगूबाई पोलादपूरच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली. तेव्हा दर्शनानं आणि वाशीला नोकरी करणाऱ्या तिच्या भावानं, हृतिकनं, मिळून ही गाडी घेतली. दर्शना त्यासाठी गाडी चालवायला शिकली. कागद झाले, विमा झाला, आणि गाडी येऊन ठेपली ती नेमकी पितृपक्षात.

"पितरांच्या दिसांत नवा लोखंड दारात आणत नाय," तिचा बाप चांगू म्हणाला होता.

"बाबा, आयेला पितरांत सुया टोचायला नेतोच ना आपण?"

मग चांगूनं मधला मार्ग काढला. एजन्सीत म्हणे महाराज कौल लावून देतात. उजवा पडला तर आजच गाडी न्यायची.

कौल या भागाला नवा नाही. वाडीवाडीच्या देवळात गुरव देवाच्या अंगाला पाण्यानं फुलं चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवं पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. पाणी सुकलं की फूल पडणारच, पण ते कधी आणि कुठलं पडेल यावर आजही लग्नं ठरतात. पितृपक्षात गाड्या उचलायला कोणी येत नाही म्हणून हैराण झालेल्या एजन्सीच्या मालकानं हाच कौल देवळातून उचलून बॉनेटवर आणला होता. सकाळपासून दोन गाड्यांना उजवा कौल मिळाला होता. एक महाडच्या वकिलाची, दुसरी एका कॉन्ट्रॅक्टरची. दोघं पेढे वाटून गेलेही.

आता पाळी चांगूची होती. तो हात जोडून उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली.

"किल्ली इथं माझ्या ताम्हनात," महाराज म्हणाले. "गाडी बंद. आत कोणी नाही. बघून घ्या, मागाहून म्हणाल महाराजांनी काही केलं!"

कोणीतरी कापड वर करून आत डोकावलं. आत खरंच कोणी नव्हतं. कापड पुन्हा खाली सोडलं गेलं, घंटा घणघणू लागली आणि महाराजांनी मंत्र सुरू केले. मंत्र लांबत गेले. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं, लोकांचे श्वास अडकले होते. डिलिव्हरीचं काम बघणारा भरत तेवढा खांबाला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

डावं फूल थरथरलं. कोणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. ते जागच्या जागी हललं, घसरलं आणि खाली पडलं. उजवं तसंच राहिलं.

गर्दीतून "आई गं!" असा आवाज उठला. चांगूचे ओठ पांढरे पडले. आणि तेवढ्यात पुढं उभी असलेली एक म्हातारी ओरडली, "पाणी! खाली बघा, पाणी!"

गाडीच्या पोटाखालून थेंब पडत होते. आधी एक, मग दुसरा, मग फरशीवरून पाण्याचा बारीक ओघळ चांगूच्या पायाशी आला. बंद गाडी, कोरडी फरशी, आकाशात ढगाचा ठिपका नाही.

"रडतेय गो, गाडी रडतेय!" म्हातारी मागं सरकली आणि तिच्याबरोबर सगळी गर्दी सरकली.

महाराजांनी डोळे मिटले. "आत कोणीतरी बसलं आहे. बाई आहे. तुमच्याच घरातली. श्वास कोंडून गेलेली."

चांगू मटकन खालीच बसला. त्याची आई दम्यानं गेली होती. वाडीवर पाचातल्या दोन घरांत कोणीतरी श्वास कोंडूनच गेलेलं असतं, पण हे त्या वेळी कोणाला सुचणार?

"ती आपल्या माणसाला न्यायला आली आहे," महाराज आवाज उतरवून म्हणाले. "सर्वपित्री उलटू दे. मी शांत करून देईन, मग गाडी न्या. आणि सांभाळा, तोवर आजारी माणूस हिच्यात बसवू नका. पहिली सवारी आजारी माणसाची झाली, तर ती त्याची शेवटची."

रंगूबाई बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, त्या अशा की जणू तिची तिरडी बांधायला घेतली आहे. ती मात्र वाकली, ओघळात बोट बुडवलं आणि लेकीला म्हणाली, "थंड हाय गो."

तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दर्शनाचंही नव्हतं. ती बापाला उठवत होती.

गाडी तिथंच राहिली. घरी येऊन चांगूनं फर्मान काढलं, "पुढची खेप जायची नाय. अमावास्या झाली का गाडीच घेऊन जाऊ. यष्टीनं नेली आणि परत पडली रस्त्यात, तं? एक खेप चुकली तं काय व्हतंय?"

दर्शनानं हृतिकला फोन लावला. वाटलं, मुंबईला राहतो, तो तरी बापाला चार शब्द सुनावेल.

"दर्शू, रिस्क नको घेऊस यार," हृतिक म्हणाला.

"तू मानतोस हे?"

"मानत नाय गं. पण रिस्क कशाला?"

मानत नाही, पण रिस्क कशाला! या एका वाक्यावर आपल्याकडचे निम्मे महाराज दोन वेळ तूप-पोळी खातात.

खेप चुकली, आणि काय होतं ते दिसू लागलं. रंगूबाईच्या पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राही. हातातल्या बांगड्या रुतल्या. आडवं पडलं की तिला धाप लागे, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळे मिटी. दर्शना तिच्या श्वासाकडे कान लावून बसायची. आईला गाडीत बसवली आणि महाराजांचं खरं ठरलं तर? नाही बसवली आणि हा श्वास असाच अडकला तर? शिकलेली पोर होती, पण डोळ्यांनी पाहिलेलं पाणी पुसता येत नव्हतं. तिला दोन्हीकडून भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे सांगायला घरात कोणी उरलं नव्हतं, कारण घरात सगळेच भ्यालेले होते.

रंगूबाईला पाणी मोजून प्यावं लागे. फार तहान लागली की ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायची. तशीच ती दुपारी ओसरीवर बसली होती.

"ह्यो बर्फ तोंडात धरला का मला ती गाडी आठवते," ती म्हणाली.

"नको ना गो आये, तिचं नाव काढूस."

"नाय, पण पाणी असाच गार व्हता. रडली म्हणतात. आसवं गार असतात व्हय? आसवं ऊन असतात. मी काय कमी पुसलीत?"

दर्शना तिच्याकडे बघतच राहिली. गार पाणी तिनं कुठं पाहिलं होतं? रोज पाहत होती! महाबळेश्वरला जाणारे पाहुणे हॉटेलासमोर गाडी चालू ठेवून, एसी लावून आत बसतात, आणि खाली पाण्याचं तळं करून जातात. हवेतली वाफ एसीच्या थंड नळ्यांवर धरते आणि पाणी होऊन खाली ठिबकते. पण त्या गाड्या चालू असतात. ही तर बंद होती.

बंद होती हे कशावरून? आवाज नव्हता, म्हणून. आणि आवाज नाही म्हणजे बंद, हे आपल्याला शिकवलं कोणी? पेट्रोलच्या गाड्यांनी! विजेच्या गाडीला एसी चालवायला इंजिन घुरघुरावं लागत नाही. आणि तिला भरतचे शब्द आठवले. गाडी दाखवताना तोच फुशारकीनं म्हणाला होता, "ताई, घरात बसून मोबाइलवरनं एसी ऑन करायचा. किल्ली पण नको. तुम्ही येईपर्यंत गाडी एकदम चिल्ड!"

तरी भीती गेली, असं मुळीच झालं नाही. हा आपला तर्क, आणि तो चुकला तर आईच्या जिवाशी गाठ. मग तिनं स्वतःशीच ठरवलं, भरतच्या हातात मोबाइल नसताना फूल पडलं आणि पाणी आलं, तर महाराजांचं मानायचं, आईला ॲम्ब्युलन्सनं न्यायचं, गाडीला शिवायचं नाही. नाही पडलं, तर मग बघू.

दुसऱ्या दिवशी रंगूबाईची डायलिसिसची पाळी दुपारची होती. सकाळच्या एसटीनं दर्शना दोघांनाही घेऊन निघाली. चांगू आढेवेढे घेत होता. ती म्हणाली, "बाबा, वाटेत उतरून कौल परत मागू. डावा पडला तर तुम्ही म्हणाल तसं." कौल परत मागायला त्याची हरकत असण्याचं कारण नव्हतं. एसटीत रंगूबाईचा ऊर भात्यासारखा वरखाली होत होता.

एजन्सीत आदल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी. रडणाऱ्या गाडीची कीर्ती पार पोलादपूरच्या बाजारापर्यंत गेली होती, आणि ती बघायला लोक टमटम भरून आले होते.

"कौल दुसऱ्यांदा मागायचा नसतो," महाराज कपाळाला आठ्या घालून म्हणाले.

"असा कसा?" चांगू भोळेपणानं बोलला. "आमच्या देवळात तीनदा मागतात. देवाला राग नाय येत."

गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रीत ती रीत. महाराजांना पाटावर बसावंच लागलं.

"आणि आमच्याकडे कौलाच्या वेळी मोबाइल जवळ ठेवत नाहीत," दर्शना म्हणाली. "देवाचा मान म्हणून. सगळ्यांनी या टोपलीत ठेवा."

अशी रीत कुठंच नव्हती. पण देवाचा मान म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? टोपली फिरली, भराभर भरली, आणि खांबापाशी येऊन थांबली.

"माझा ऑफिसचा हाय," भरत म्हणाला. "ड्यूटीवर हाय मी."

"ठेव रे बाबा!" तीच मागच्या वेळची म्हातारी कडाडली. "देवापुढं कसली ड्यूटी?"

मोबाइल टोपलीत पडला. महाराजांनी फुलं चिकटवली, घंटा घणघणली, मंत्र सुरू झाले. दर्शनाची नजर डाव्या फुलावर खिळली होती. पडू नको, पडू नको, असं ती मनात म्हणत होती आणि कोणाला म्हणत होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. मंत्र संपले. महाराजांनी ते पुन्हा पहिल्यापासून धरले. त्यांचा घसा बसला. फूल ढिम्म हललं नाही. फरशी कोरडी ठणठणीत. शेवटी महाराजांनी मोरपिसांचा कुंचा उचलून बॉनेटवर आपटायला हात उगारला.

"हात नाय लावायचा, महाराज," चांगू म्हणाला. त्याच्या आवाजात आता वेगळंच काही होतं. तो पुढं झाला आणि पाटाजवळच्या दोन वाट्या त्यानं बोटानं चाचपल्या. "आमचा गुरव पाण्यानं फुलं लावतो. ह्या वाटीत पाणी हाय. आणि ह्या वाटीत? ह्यो तं डिंक हाय!"

उजवं फूल त्यानं नखानं ओढलं. पाकळ्या हातात आल्या, देठ बॉनेटलाच चिकटून राहिला.

"भरत, आता घे तुझा मोबाइल," दर्शना म्हणाली, "आणि सगळ्यांसमोर एसी लाव."

भरत महाराजांकडे बघू लागला. गलका ऐकून एजन्सीचा मालक बाहेर आला होता. गिऱ्हाईक बिथरलेलं बघून त्यानं भरतला दरडावलं, "उघड ते ॲप!" भरतनं ते उघडून मोबाइल पुढं केला. दर्शनाचं बोट पडद्यावर टेकलं. काहीच झालं नाही तर?

घंटा आता वाजत नव्हती, म्हणून ऐकू आलं. बॉनेटखाली हलकंसं घुर्र झालं. पत्रा बारीक थरथरला आणि पाण्यावर चिकटलेलं, एव्हाना सुकत आलेलं डावं फूल घसरून खाली पडलं.

दर्शनानं लाल कापड ओढून काढलं. आतला पडदा उजळलेला, दिवे लागलेले. दार उघडताच थंड हवेचा झोत चांगूच्या तोंडावर आला. लोक बघत उभे राहिले, आणि थोड्या वेळानं गाडीच्या पोटाखालून पहिला थेंब पडला. मंत्र इतके लांब का असतात, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. फुलाखालचं पाणी सुकायला आणि गाडीखालचं साचायला वेळ लागतो. घंटा कशाला आणि कापड कशाला, तेही कळलं.

"महाराज इशारा करायचे, तेव्हा मी दाबायचो, बस," भरत रडकुंडीला आला. "डिंक कुठल्या फुलाला लावायचा ते तेच बघायचे. वकीलसाहेब, कॉन्ट्रॅक्टर असले की उजवा पाडायचा. वाडीवरचे असले की डावा, म्हणजे शांतीची दक्षिणा मिळते."

महाराज अजून हरले नव्हते. "मूर्खांनो! कलियुगात देव यंत्रातूनच बोलतो!"

"देव बोलला म्हणता," रंगूबाई खुर्चीवरून धापा टाकत म्हणाली, "मग बटण कुणी दाबला?"

हशा उसळला, आणि त्या हशात महाराजांची सगळी वीज गेली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हे मालकाला एकदम आठवलं आणि त्यानं पोलिसांना फोन लावला. महाराजांना त्यानंच बोलावलं होतं, हे मात्र तो सोयीनं विसरला. पोलीस विसरले नाहीत.

तर मंडळी, नवी गाडी घरी कधी आणावी? कागद झाले, ब्रेक तपासले, बॅटरी भरली, चालवणाऱ्याचा हात बसला, की आणावी. त्याआधी घाई करू नये आणि त्यानंतर थांबू नये. पितर पितरांच्या जागी असू देत, औषधाची वेळ त्यांच्यासाठी टळू नये. आणि कोणी चमत्कार दाखवलाच, तर घाबरायला हरकत नाही. घाबरतो सगळेच. पण घाबरल्या घाबरल्या बोट लावून बघावं, आणि म्हणावं, पुन्हा करून दाखवा, या वेळी आम्ही सांगतो तसं. खरं असेल ते दुसऱ्यांदाही घडेल.

सगळं उलगडलं तरी चांगूची भीती काही जात नव्हती. रंगूबाईला गाडीपाशी आणली, तसा तो दाराला आडवा झाला.

"मी बसतो आधी. पहिली सवारी माझी व्हऊ दे."

"सरा तिकडं," रंगूबाई म्हणाली, आणि त्याचाच खांदा धरून आत बसली. दर्शनानं गाडी हायवेला लावली. आवाज न करता गाडी पळत होती आणि मागच्या सीटवरून चांगू दर वळणाला बायकोच्या खांद्याला हात लावून बघत होता.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर आम्रपालींनी रंगूबाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी आधी तिला ऑक्सिजन लावायला सांगितलं, यंत्र जोडून घेतलं, तिचा श्वास जरा खाली बसला, आणि मग त्या बाहेर आल्या.

"फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. आणखी एक खेप चुकली असती, तर त्या हाती लागल्या नसत्या. मागच्या वेळी का नाही आणलं? कोणी थांबवलं होतं यांना?"

दर्शनानं तोंड उघडलं. महाराजांचं नाव तिच्या ओठांवर आलंच होतं. पण चांगूनं तिच्या हातावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही.

"मी थांबवला, डाक्टर," तो म्हणाला. "त्यो महाराज नुसता बोलला. थांबवला मी."